अंदमानचे ‘समुद्री’ मोती घेताना भोकात आधी बघा

जुळे सोलापुरातल्या एका कुटुंबाने अंदमानच्या सहलीत साडेअकरा हजारांची खरेदी केली. ‘समुद्री’ मोत्यांचा सर ६,५०० रुपयांना, मंगळासाठी पोवळ्याची अंगठी ३,२०० ला आणि पडौक या अंदमानातल्या तांबूस लाकडाची पेटी १,८०० ला. सर सराफाकडे गाठवायला दिला, तर त्याने दोन मणी भिंगाखाली धरले आणि तसाच परत केला. काचेच्या मण्यांवर चकाकीचा लेप होता. पोवळं रंगवलेलं निघालं. पेटीचं लाकूड आतून पांढरं.

हीच माणसं चाटी गल्लीत चादर घेताना आधी ती उलटी करतात. मागच्या बाजूला नक्षी तीच आणि रंग उलटे आहेत का ते बघतात, हातात वजन तोलतात, मग भावाचं बोलणं. नकली माल करणारा सगळी मेहनत दर्शनी बाजूवर करतो, हे सोलापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. पण तीच नजर मोत्यावर आणि लाकडावर फिरवायची सुचत नाही.

मोत्याची उलटी बाजू म्हणजे त्याचं भोक. दहापट भिंग शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करा. नकली मण्याचा लेप भोकाच्या कडेला उडालेला, सालपटासारखा उचललेला दिसतो आणि खाली काच किंवा प्लॅस्टिक चकाकतं. आत मणी (केंद्र) घालून वाढवलेल्या खऱ्या मोत्यात भोकाच्या कडेशी केंद्र आणि वरचा थर यांच्यामधली बारीक रेघ दिसू शकते. मग दोन मोती एकमेकांवर हलकेच घासा. खरे असतील तर बारीक वाळूसारखे खरखरतात, काच-प्लॅस्टिक गुळगुळीत सरकतं.

दुकानदार स्वतःहून जी परीक्षा करून दाखवतो, तिच्यावर मात्र जाऊ नका. लायटरची ज्योत मण्याखाली धरून “बघा, जळत नाही” म्हणतात. काच तरी कुठे जळते? उलट खऱ्या मोत्याला आचेने इजा होते. सुरीने खरवडून पांढरी पूड दाखवतात, पण शिंपल्याचा मणी करून त्यावर लेप दिलेला असेल तरी पूड पडते. हा शिंपल्याचा मणी हाताला गारही लागतो आणि जडही असतो, म्हणून वजनाची परीक्षा त्याला लागू पडत नाही.

मोती खरा ठरला तरी तो समुद्रातला आहे असं नाही. बाजारातले बहुतेक मोती गोड्या पाण्यातले, चीनमध्ये शेती करून काढलेले असतात. तसेच मोती चारमिनारजवळ मिळतात आणि सोलापूरहून हैदराबादला थेट रेल्वे आहे. त्यासाठी बंगालचा उपसागर ओलांडायची गरज नाही.

पोवळ्याचं प्रकरण जास्त गंभीर आहे. दागिन्यातलं नावाजलेलं लाल पोवळं येतं भूमध्य समुद्रातून. भारतीय समुद्रातल्या प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. म्हणजे “साहेब, इथल्याच समुद्रातलं” असं कुणी म्हणालं तर ते खोटं तरी असतं, नाहीतर बेकायदेशीर तरी. रंग तपासायला कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन मागच्या बाजूला पुसा. कापूस लाल झाला तर माल रंगवलेला आहे. कापूस कोरा राहिला म्हणून खरेपणा सिद्ध होत नाही, रंगीत काचही तशीच राहते. ग्रहासाठीच घ्यायचं असेल तर गावातल्या ओळखीच्या सराफाकडून, प्रयोगशाळेच्या दाखल्यासह घ्या. दुकानाने स्वतःच छापून लॅमिनेट केलेलं कार्ड हा दाखला नव्हे.

शिंपल्यांतही हाच धोका आहे. नॉटिलस, हॉर्न्ड हेल्मेट, मोठा ट्रायडॅक्ना शिंपला हे संरक्षित आहेत. “बिल आहे ना, कोण विचारतं?” असं दुकानदार म्हणतो, पण विमानतळावर बॅग स्कॅनमधून जाते तेव्हा उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा मेलेला तुकडाही खिशात घालू नका. मुलांच्या बॅगा निघण्याआधी रिकाम्या करून बघा.

पडौकच्या वस्तूला आतून, तळाशी, बिजागरीच्या खाचेत बघा. तिथे पॉलिश पोचलेलं नसतं. तळाला पिनेने बारीक ओरखडा काढायची परवानगी मागा. खरं लाकूड आतही तांबूस असतं, रंगवलेलं पांढरट उघडं पडतं. ओल्या रुमालाला रंग लागला एवढ्यावरून मात्र ठरवू नका, पडौकचाही रंग थोडा सुटतो.

ही दुकानं बहुधा ड्रायव्हरच्या ओळखीची असतात आणि गाडी तिथे थांबते विमानाच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी. परत येऊन बदलायला वेळ उरत नाही. पाटीवर ‘सरकारी’, ‘एम्पोरियम’ असे शब्द मोठ्या अक्षरात असतात. खरं सरकारी एम्पोरियम ‘सागरिका’, श्रीविजयपुरममध्ये, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरमध्ये आहे. पहिल्याच दिवशी तिथे जाऊन भाव बघून ठेवा.

बिलावर नुसतं ‘पर्ल सेट’ चालवून घेऊ नका. मोती समुद्री की गोड्या पाण्यातला, लाकूड कोणतं, वजन किती, हे दुकानदार तोंडाने जे सांगतो ते लिहून मागा. खोटा माल विकणारा इथेच अडखळतो. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि अंदमानात नोंदणी असेल तर सुरुवात ३५ ने होते. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की नाव समोर येतं. यूपीआयवर दुकानाऐवजी भलत्याच माणसाचं नाव दिसलं तर थांबा.

फसवणूक झालीच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, त्यासाठी अंदमानला जावं लागत नाही. मुदत दोन वर्षं आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करा. बिल, पैसे दिल्याचा पुरावा, पाटीचा फोटो आणि रत्न-प्रयोगशाळेचा अहवाल जोडा. सर तोडून मणी वेगळे करू नका. आहे त्या अवस्थेतच तपासायला द्या.