पहिली हाफ मॅरेथॉन: सातारा की मुंबई?

उन्हाळा लागला की आमच्या पुण्याच्या ग्रुपमध्ये कुणीतरी नवा भिडू विचारतोच: पहिली एकवीस किलोमीटर कुठे पळू, सातारला की मुंबईला? उत्तरं ठरलेली. एक जण म्हणतो, सातारला घाट आहे, मांड्या भरून येतील. दुसरा म्हणतो, मुंबईच्या गर्दीत नुसता ढकलला जाशील. मी सातारा चार वेळा पळालोय, मुंबई तीन वेळा. दोघांचंही खरं आहे, पण शर्यत दोन-अडीच तासांची असते. तिच्या आधीचे तीन महिने कुठल्या हवेत आणि कुणाबरोबर काढणार, ते आधी बघा.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 पासून होते, पावसाळा सरता सरता. म्हणजे सराव जून ते ऑगस्ट. पहाटे साडेचारला गजर वाजतो तेव्हा बाहेर पाऊस धो धो पडत असतो, आणि गादीतून उठायचं एकच कारण असतं: सिंहगडाच्या पायथ्याशी कुणीतरी गाडी लावून आपली वाट बघतंय. एकट्याला हे जमत नाही, निदान मला तरी नाही. बूट कधी पुरते वाळत नाहीत. रात्री त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवायचे, सकाळी ते तसेच दमट. पण त्या तीन महिन्यांत घाट चढताना ज्यांच्याशी बोलणं होतं, ते पुढे घरच्या लग्नाला येतात.

मुंबईची शर्यत 2004 पासून होते, हल्ली जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. सराव ऑक्टोबर ते डिसेंबर. ऑक्टोबरची उष्णता सोडली तर पुण्याची हवा पळायला झकास. अडचण हवेची नाहीच, कॅलेंडरची आहे. नवरात्र, दिवाळी, मग लग्नसराई. फराळाच्या चार दिवसांनंतरचं लाँग रन, म्हणजे सरावातलं लांब पल्ल्याचं पळणं, ज्यानं केलंय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. ग्रुपही विस्कटतो: कुणी गावी, कुणी सासरी. म्हणून मुंबईची तयारी बरीचशी एकट्यानं, घड्याळाकडे बघत होते.

रस्त्याचं सांगतो. सातारचं गणित सोपं: समर्थ मंदिर मागे पडलं की यवतेश्वरचा घाट, निम्मं अंतर जवळपास सगळा चढ आणि मग त्याच रस्त्यानं खाली. नवखे चढाला घाबरतात, पण पाय जातात ते उतारावर. खाली येताना मोठ्या ढांगा टाकल्या की दुसऱ्या दिवशी जिना उलटा उतरावा लागतो. मुंबईची हाफ माहीमच्या रेतीबंदरावरून सुटते आणि सीएसएमटीला संपते. वांद्रे-वरळी सी लिंकवर एरवी पायी जाता येत नाही, तिथून उजाडायच्या आत पळायला मिळतं, हे मात्र कबूल करायला हवं. रस्ता बहुतेक सपाट, फक्त पेडर रोडचा चढ निम्मं अंतर उलटल्यावर येतो आणि तेव्हाच नकोसा वाटतो. जानेवारी असला तरी मुंबईचा दमटपणा पुणेकराला सातव्या-आठव्या किलोमीटरलाच भिजवतो. मार्ग मधूनमधून बदलतो, नकाशा त्या वर्षीचाच बघा.

आता माझ्या मते सगळ्यात मोठा फरक, जो कुणी सांगत नाही. सातारला जायचा-यायचा रस्ता एकच. त्यामुळे तुम्ही धापा टाकत वर चढत असता आणि समोरून आपलीच माणसं वळसा घालून खाली येत असतात. गेल्या खेपेला ढग इतके उतरले होते की आधी नुसता आवाज आला, "ए, बूट सोड आणि अनवाणी पळ!" आणि मग धुक्यातून आमचे साठीचे काका प्रकटले, टाळी देऊन गायब. पुढचे दोन किलोमीटर मला जड गेले नाहीत. मुंबईला सगळे एकाच दिशेनं धावतात. वेग जुळला नाही तर सुरुवातीला पांगलेला मित्र थेट शेवटीच दिसतो, तोही सापडला तर. भेटायची जागा आदल्या दिवशीच ठरवा, फोनच्या भरवशावर राहू नका. मुंबईत तुम्हाला पळवतात ते अनोळखी लोक: संत्र्याच्या फोडी, चिक्की, बिस्किटं घेऊन सकाळी सकाळी फुटपाथवर उभ्या आजी, बँडवाले, थाळ्या वाजवणारी पोरं.

कमीत कमी वेळेत शर्यत संपवायच्या मागे असाल तर प्रश्नच नाही, मुंबई. माझी सातारची वेळ मुंबईपेक्षा वीस मिनिटांनी जास्त आहे, आणि ती सांगताना मी "घाट होता" हे जोडतोच.

खर्च-सोयीचं थोडक्यात: दोन्हीकडे नोंदणी झटपट भरते. मुंबईला बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला आदल्या दिवसांत एक्स्पोत, म्हणजे शर्यतीच्या प्रदर्शनात, जावं लागतं, म्हणजे पुणेकराला राहण्याचा खर्च आलाच. सातारा पुण्याहून साधारण 110 किलोमीटर. एका गाडीत पाच जण, शनिवारी लॉजवर एका खोलीत तेच पाच जण, आणि परतताना कंदी पेढे. कास पठार जवळच, पण फुलांच्या दिवसांत आधी बुकिंग करून जा.

यंदा विचारणारी ताई शाळेत शिकवते. जूनमध्ये शाळा सुरू, पावसात पहाटे निघणं अवघड, दिवाळीची सुट्टी मात्र मोकळी. सगळं ऐकून मी तिला मुंबई सुचवली. "पण तुम्ही सगळे तर सातारला चाललाय ना?" ती म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सातारची नोंदणी उघडली त्या दिवशी ग्रुपवर पहिला स्क्रीनशॉट तिचा होता.