एपी सायकॉलॉजीसाठी ‘अँकी’: संज्ञा पक्क्या होतात, पेपर लिहिणं वेगळं

अमेरिकेतल्या मराठी घरांत एपी सायकॉलॉजी (‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा मानसशास्त्राचा विषय) हा ‘पाठांतराचा विषय’ म्हणून ओळखला जातो. पाढे-परवचा म्हणत वाढलेल्या आईबाबांना ते ऐकूनच हायसं वाटतं. मग कुणीतरी अँकी सुचवतं, मुलगा दोन हजार कार्डांचा तयार डेक, म्हणजे संच, उतरवतो आणि तिसऱ्या आठवड्यात ॲप उघडणं बंद करतो. ॲप चांगलंच आहे. गफलत ते वापरण्यात होते, आणि त्याच्याकडून नको ते मागण्यातही.

अँकी हे फ्लॅशकार्डांचं ॲप आहे. समोर प्रश्न, मागे उत्तर. आठवलं की नाही हे आपणच बटण दाबून सांगायचं. त्यावरून ते कार्ड उद्या दाखवायचं की तीन आठवड्यांनी, हे ॲप ठरवतं. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर फुकट, अँड्रॉइडवर ‘अँकीड्रॉइड’ही फुकट. आयफोनवर मात्र ‘अँकीमोबाइल’ला २४.९९ डॉलर पडतात, तेही एकदाच. नावात ‘अँकी’ असलेलं एखादं ॲप वर्गणी मागत असेल तर ते हे नव्हे. दिसायला सगळं जुनाट आणि रुक्ष आहे. बक्षिसं नाहीत, रोजच्या हजेरीचं कौतुक नाही. अभ्यासाला ते बरंच.

गंमत म्हणजे हे ॲप ज्यावर चालतं तेच या विषयाच्या दुसऱ्या युनिटमध्ये आहे: एबिंगहाउसचा विस्मरणाचा आलेख (१८८५), अंतर ठेवून केलेल्या उजळणीचा फायदा, आणि टेस्टिंग इफेक्ट, म्हणजे स्वतःची चाचणी घेतल्याने जास्त लक्षात राहणं. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आधी स्वतःची चाचणी घेणारे पुढे गेले. अँकी वापरताना ‘डोक्यात काही जात नाहीये’ असं वाटतं ते यामुळेच. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं; आठवायला गेलं की घाम फुटतो.

आता तयार डेकबद्दल. मे २०२५पासून परीक्षेचा साचा बदलला. पूर्वी नऊ युनिट्स होती, आता पाच. पूर्वी ७० मिनिटांत १०० बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकाला पाच पर्याय. आता ९० मिनिटांत ७५ आणि पर्याय चार, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. चुकीला गुण कापत नाहीत. फुकट फिरणारे बरेच डेक जुन्या नऊ युनिट्सवर बेतलेले आहेत. डेकमध्ये युनिट सात, आठ, नऊ दिसले की तो बाजूला ठेवावा. निवडून घेऊ म्हटलं तरी निवडण्यात जाणाऱ्या वेळात स्वतःची कार्डं होतात, आणि कार्ड करणं हाच अर्धा अभ्यास असतो.

कार्ड कसं असावं? नवशिका समोर ‘निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट’ लिहितो आणि मागे पुस्तकातली चार ओळींची व्याख्या चिकटवतो. हे कार्ड फुकट जातं, कारण पेपरात व्याख्या विचारत नाहीत, प्रसंग देतात. त्याऐवजी समोर लिहावं: ‘सीटबेल्ट लावला की गाडीची टुणटुण थांबते, म्हणून माणूस पुढच्या वेळी चटकन बेल्ट लावतो. हे काय?’ मागे: ‘निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट. नकोसं काही निघून गेलं, वागणूक वाढली.’ दुसरं कार्ड: ‘उशिरा आल्याबद्दल फोन काढून घेतला. हे काय?’ मागे: ‘निगेटिव्ह पनिशमेंट. हवंसं काढून घेतलं, वागणूक कमी व्हावी म्हणून.’ ही जोडी एकत्र नसेल तर ‘निगेटिव्ह म्हणजे शिक्षा’ हा गैरसमज परीक्षेपर्यंत सोबत येतो.

पेपर इंग्रजीत, म्हणून कार्डही इंग्रजीतच. उदाहरणं मात्र घरची बिनधास्त वापरावीत. कुकरची शिट्टी ऐकून तोंडाला पाणी सुटतं, त्यात कंडिशन्ड स्टिम्युलस, म्हणजे सवयीने प्रतिक्रिया घडवणारा संकेत, कोणता? शिट्टी. भारतात वर्षानुवर्षं गाडी चालवलेले बाबा अमेरिकेत इंडिकेटर द्यायला जातात आणि वायपर सुरू होतो: जुनी सवय नवीच्या आड आली, प्रोॲक्टिव्ह इंटरफिअरन्स. हे एकदा घरात पाहिलं की रेट्रोॲक्टिव्हशी, म्हणजे नवं जुन्याच्या आड येण्याशी, घोळ होत नाही. मेंदूचे भाग आणि न्यूरॉन यांसाठी चित्राचा भाग पट्टीने झाकणारी ‘इमेज ऑक्लूजन’ची कार्डं करावीत, २३.१० आवृत्तीपासून ती सोय ॲपमध्येच आहे.

सेटिंगमध्ये हात घालायच्या जागा मोजक्या. मुळात रोज २० नवी कार्डं येतात, म्हणजे काही आठवड्यांत रोजची उजळणी २००च्या आसपास जाते. शाळा, बाकीचे एपी आणि क्लब सांभाळून हे झेपत नाही. नवी कार्डं १०वर आणावीत. साडेतीनशे कार्डं पाच आठवड्यांत संपतात, उजळणी शंभराच्या आत-बाहेर राहते. डेकच्या पर्यायांत ‘एफएसआरएस’ (कार्ड पुन्हा कधी दाखवायचं ते ठरवणारी नवी पद्धत) सुरू करावं आणि ‘डिझायर्ड रिटेन्शन’ (शंभरातली किती कार्डं आठवावीत) ०.९०वरच ठेवावं. ते ०.९७ केलं की मार्क वाढतील असं वाटतं. प्रत्यक्षात उजळणी कैक पटीने वाढते आणि मूल ॲप सोडतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक बटणांची. उत्तर आठवलं नाही तर ‘अगेन’ दाबायचं. मुलांना ते लाल बटण अपमानाचं वाटतं, म्हणून ती ‘हार्ड’ दाबतात. ‘हार्ड’चा अर्थ ‘कष्टाने का होईना, आठवलं’ असा आहे. विसरलेल्या कार्डावर ते दाबलं की ॲप समजतं, आठवलं. मग ते कार्ड आणखी लांब ढकलतं आणि पुढचं सगळं गणित बिघडतं. दुसरी चूक रोजच्या उजळणीची मर्यादा कमी करण्याची. आकडा लहान दिसतो, थकबाकी तशीच साचत राहते. त्यापेक्षा चार दिवस नवी कार्डं शून्यावर ठेवून जुनी उरकावीत. आठ वेळा विसरलेल्या कार्डाला ॲप ‘लीच’, म्हणजे जळू, असा टॅग लावतं. असं कार्ड आणखी घोकू नये, मोडून दोन करावीत. ‘रँडम सॅम्पलिंग’ आणि ‘रँडम असाइनमेंट’ एकाच कार्डावर कोंबले की हमखास जळू तयार होते. पहिल्याने निष्कर्ष मोठ्या समूहाला लावता येतो, दुसऱ्याने कार्यकारणाबद्दल बोलता येतं: दोन कार्डं, दोन प्रसंग.

इथवर अँकीला पैकीच्या पैकी. पण बहुपर्यायी भाग एकूण गुणांच्या दोन तृतीयांश आहे. उरलेला एक तृतीयांश दोन लेखी प्रश्नांचा, आणि तिथे अँकी जवळपास निरुपयोगी आहे.

पहिल्या प्रश्नात एका संशोधनाचा सारांश देतात. २५ मिनिटं, ७ गुण. संशोधनपद्धत ओळखा, चलाची (व्हेरिएबलची) ऑपरेशनल डेफिनिशन सांगा, दिलेल्या आकड्याचा अर्थ लावा, नैतिक नियम कोणता पाळला ते दाखवा, निष्कर्ष कुणाला लागू होतील ते सांगा, आणि शेवटी २ गुणांसाठी निष्कर्षाची संकल्पनेशी सांगड घाला. ऑपरेशनल डेफिनिशन म्हणून ‘ताण म्हणजे मानसिक दडपण’ लिहिलं की गुण गेला. त्या अभ्यासात ताण कशाने मोजला, कोणती प्रश्नावली, किती गुणांची, हे लिहावं लागतं. दुसऱ्या प्रश्नात तीन स्रोत, ४५ मिनिटं, पुन्हा ७ गुण. एक दावा मांडायचा आणि दोन वेगवेगळ्या स्रोतांतले पुरावे दोन वेगवेगळ्या संकल्पनांनी दाव्याशी जोडायचे. दोन्हीकडे एकच संकल्पना वापरणं ही इथली नेहमीची चूक. संकल्पनेचं नाव अँकी आठवून देईल. ती पुराव्याशी बांधणारं वाक्य स्वतःच लिहावं लागतं. त्यासाठी ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावरचे २०२५पासूनचे लेखी प्रश्न आणि गुणदान-निकष फुकट आहेत. आठवड्याला एक प्रश्न घड्याळ लावून, संगणकावर टाइप करून सोडवावा. परीक्षाही ‘ब्लूबुक’ ॲपवर टाइप करूनच द्यायची असते. निकषांशी ताडून गेलेला गुण सापडला की त्याचं कार्ड करावं. अशी वीसेक कार्डं डेकमधली सर्वांत मोलाची ठरतात.

शेवटचे दहा दिवस नवी कार्डं बंद. काही कार्डांची तारीख परीक्षेनंतरची पडलेली असते. ‘कस्टम स्टडी’मधल्या ‘रिव्ह्यू अहेड’ने ती आधी ओढून घ्यावीत. युनिटनुसार टॅग लावलेले असतील तर कच्चं युनिट वेगळं काढून घोटता येतं. टॅग नसतील तर तीनशे कार्डं हाताने चाळत बसावं लागतं, म्हणून टॅग पहिल्याच दिवसापासून लावावेत.

जानेवारीअखेर सुरुवात करणाऱ्याने अँकी जरूर घ्यावं. एप्रिलच्या मध्यावर जाग आलेल्याने त्याच्या नादी लागू नये: अंतर ठेवायला दिवसच उरलेले नसतात, तो वेळ लेखी प्रश्नांना द्यावा. आणि घरात अँड्रॉइड फोन किंवा साधा लॅपटॉप असेल तर आयफोनसाठीचे २५ डॉलर वाचतील.