तरवड लावावा की कॅसिया ग्लाऊका?

दोघांची फुलं पिवळीधमक, पानं संयुक्त (एका देठावर अनेक छोट्या पर्णिका), आणि दोन्ही झुडपं बाराही महिने हिरवी. लांबून पाहिलं तर फसायला होतंच.

खात्री करायची तर फुलं सोडा, पानाचा देठ जिथे खोडाला चिकटतो तिथे बघा. तरवडाला (सेन्ना ऑरिक्युलाटा) तिथे कानाच्या पाळीसारखी रुंद, गोलसर उपपर्णं (देठाच्या तळाशी येणारी पानासारखी छोटी जोडी) असतात आणि ती सहज गळत नाहीत. पान उलटसुलट न करता नुसतं आडवं धरलं तरी पर्णिकांच्या प्रत्येक जोडीमध्ये एक बारीक उभी ग्रंथी (गाठीसारखा उंचवटा) दिसते. कॅसिया ग्लाऊकाची (सेन्ना सुरात्तेन्सिस) उपपर्णं अरुंद, आणि ग्रंथी फक्त खालच्या दोन-तीन जोड्यांत. एवढं पुरे. शेंगा दोघांच्याही चपट्याच, त्यांच्या नादी लागू नका.

लागवडीत मात्र दोघांचे स्वभाव वेगळे. तरवड माळरानाचा गडी: मुरमाड जमीन, रखरखीत ऊन, पाणी नसलं तरी तक्रार नाही. लाड केले तर उलट बिघडतो. पाणी साचलं की मुळं कुजतात. बी कठीण कवचाचं, म्हणून पॉलिश पेपरवर जरा घासून रात्रभर भिजवा आणि शक्यतो थेट जागेवरच टोका. सोटमूळ खोल जातं, त्यामुळे मोठं रोप हलवलं तर बहुधा दगावतं.

कॅसिया ग्लाऊका बागेत रुळलेली. पाणी देता येत असेल आणि छाटून नीटस कुंपण हवं असेल तर तीच घ्या. उघड्या, कोरड्या जागेसाठी मी तरवडच लावेन.