मंकी आयलंड पुन्हा खेळायचाय: मूळ की स्पेशल एडिशन?

मे महिन्यात सोलापूरचं ऊन दुपारी घराबाहेर पडू देत नाही. अशाच एका सुट्टीत नवी पेठेतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' हा चाच्यांचा कॉम्प्युटर गेम पहिल्यांदा खेळलो. गेम विकतचाच आहे ना, हे तपासायला सुरू होतानाच तो एका चाच्याचा चेहरा दाखवून साल विचारायचा. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या फिरवून चेहऱ्याचा वरचा आणि खालचा भाग जुळवला की साल सापडायचं. आमच्याकडे त्या चकत्यांची झेरॉक्स होती, मधोमध टाचणी टोचलेली.

आज पुन्हा खेळायचा तर दोन वाटा आहेत: 1990 चा मूळ गेम स्कमव्हीएम या मोफत प्रोग्रॅममधून, नाहीतर 2009 ची स्पेशल एडिशन.

स्पेशल एडिशनमध्ये चित्रं नव्याने रंगवली आहेत, अडलात तर इशारा मिळतो आणि पात्रं चक्क बोलतात. गेमचा नायक गायब्रशला डॉमिनिक आर्मॅटोचा आवाज आहे, तो त्याला अगदी शोभतो. एफ10 दाबलं की त्याच जागी जुनं चित्र येतं. भाचीला हे दाखवलं, तर ती गेम सोडून ते बटणच दाबत बसली. पण जुन्या चित्रावर गेलात की आवाज बंद.

मला खटकतं ते वेगळंच. ज्यावर क्लिक करून गायब्रशला हुकूम द्यायचे ती 'उघड', 'उचल', 'ढकल' अशा क्रियापदांची पाटी नव्या रूपात लपवून ठेवली आहे. मूळ गेममध्ये ती कायम डोळ्यांसमोर असते आणि अडल्यावर एकेक क्रियापद लावून बघण्यातच खरी मजा आहे. तलवारबाजीचंही तसंच. ती जिंकायची टोमण्यांनी. नवे टोमणे आणि त्यांची उत्तरं इतर चाच्यांशी लढूनच शिकायची. मी मराठी माध्यमातला, स्पेसबारने गेम थांबवून डिक्शनरी चाळायचो. स्कमव्हीएमवर आजही तसाच खेळतो.

मुलांना पहिल्यांदा दाखवणार असाल तर स्पेशल एडिशन घ्या. तुम्ही तेव्हा खेळला असाल तर मूळच खेळा.

स्कमव्हीएम नुसतं इंजिन आहे, म्हणजे गेम चालवणारा प्रोग्रॅम; गेमच्या फायली आपल्या आपण आणायच्या. जुनी सीडी कपाटात असेल तर शोधाच. आधी हात बसवायचा असेल तर 1994 चा 'बिनीथ अ स्टील स्काय' हा गेम 2003 पासून मोफत आहे, स्कमव्हीएमच्याच वेबसाइटवर मिळतो. अँड्रॉइड फोनवरही चालतो, पण बारीक वस्तू बोटाखाली झाकल्या जातात. मी फोनला माउस जोडूनच बसतो.