सोलापूरचा उन्हाळा आणि मुरमं: सॅलिसिलिक की बेन्झॉईल?

एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. तोंडाला स्कार्फ गुंडाळून भर दुपारी सात रस्त्याहून होटगी रोडपर्यंत गाडीवर जाऊन या. हनुवटीजवळचं कापड ओलं झालेलं असतं, आणि मुरमं नेमकी तिथंच उठतात. घाम, तेल आणि घासणारं कापड, तिन्ही एका जागी. मेडिकलमध्ये मग दोन नावं पुढं येतात.

सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं, म्हणून रंध्रात उतरून साचलेला मळ मोकळा करतं. नाकावरचे काळे ठिपके, कपाळावरची बारीक पुरळ एवढंच असेल तर २ टक्क्यांचा फेसवॉश पुरे.

लालसर, दुखरी, पू धरलेली मुरमं असतील तर माझं मत बेन्झॉईल पेरॉक्साईडला. ते जंतूच मारतं, आणि अँटिबायोटिकला सरावतात तसे जंतू त्याला सरावत नाहीत. सुरुवात २.५ टक्क्यांनीच करा. १० टक्क्यांनी फायदा फारसा वाढत नाही, आग आणि सालपटं मात्र वाढतात. त्याची एक खोड आहे: रंगीत कापडाचा रंग उडवतं. घरातल्या सोलापुरी चादरीवर पांढरट डाग पडले की आईची बोलणी ठरलेली! रात्री लावणार असाल तर पांढरा अभ्रा, पांढरा टॉवेल.

दोन्ही त्वचा कोरडी करतात, तेव्हा एकदम दोन्ही सुरू करू नका. फरक दिसायला सहा-आठ आठवडे लागतात. दिवसा जेल सनस्क्रीन हवंच, स्कार्फ रोज धुतलेला. लिंबू, टूथपेस्ट वगैरेंचं नाव काढू नका. गाठीसारखी खोल मुरमं असतील तर खड्डे पडायच्या आत त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.