वॉरफरिनचा असर उतरवायचाय: प्लाझ्मा की पीसीसी?

वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवरचा पेशंट, मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव, आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर लागतो त्याचा आकडा) चारच्या आसपास. वॉरफरिनवरचा उतारा, व्हिटॅमिन के, शिरेतून गेलंय, पण त्याचा गुण दिसू लागायला चार-सहा तास लागतात आणि पुरता यायला जवळजवळ दिवस जातो. तोवर काय द्यायचं, एवढाच प्रश्न उरतो. प्लाझ्मा म्हणजे दात्याच्या रक्तातला द्रव भाग, पीसीसी म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांचं, म्हणजे फॅक्टरांचं, दाट औषध. दोन्ही गोष्टी मी भरपूर वापरल्यात.

प्लाझ्माच्या नावाने बोटं मोडताना सगळे आधी वेळ काढतात: गट जुळवा, पिशव्या वितळेपर्यंत थांबा. ते खरंच आहे, पण सवयीने निभतं. माझं घोडं अडतं ते पाण्यापाशी. किलोमागे 15 मिलि धरले तरी 70 किलोच्या माणसाला लिटरभराहून जास्त प्लाझ्मा लागतो. आणि वॉरफरिन कोण घेतं? कृत्रिम झडपवाले, एट्रियल फिब्रिलेशनवाले (हृदयाचे ठोके अनियमित पडणारे), म्हणजे बहुतेक थकलेली हृदयं. ज्या दुखण्यासाठी गोळी सुरू झाली, त्यालाच हे लिटर सोसत नाही. मग ड्रिप हळू करा, मध्येच लघवीवाटे पाणी काढणारं लॅसिक्स द्या. तिसऱ्या पिशवीच्या सुमारास पेशंट उठून बसायला बघतो, फुप्फुसांच्या तळाशी क्रेप्स (पाणी साचल्याची करकर) ऐकू येतात, रक्तातलं ऑक्सिजनचं सॅच्युरेशन घसरतं. इतकं करून आयएनआर बऱ्याचदा दीडपाशी रुसून बसतो. दात्याच्या प्लाझ्मात फॅक्टर असतात ते नेहमीच्याच प्रमाणात, त्यामुळे तेवढ्यात फार खाली येणं अवघडच.

पीसीसीत दोन, सात, नऊ आणि दहा हे चारही फॅक्टर दाट स्वरूपात मिळतात, सोबत गुठळीला आवर घालणारी प्रोटीन सी आणि एस. आयएनआर चारच्या आत असेल तर किलोमागे 25 युनिट, म्हणजे त्याच पेशंटला 1,750 युनिट, साधारण 70 मिलि. गट बघायला नको, वितळवायला नको. कटकट एकच: पावडर विरघळवताना कुपी घाईने हलवली की फेस होतो, आणि घाई तर असतेच. हळूच गोल फिरवत राहायचं.

आकडेही याच बाजूने बोलतात, निदान आयएनआरपुरते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषध संपल्यावर अर्ध्या तासात आयएनआर 1.3 किंवा खाली आलेले पीसीसीकडे 62 टक्के होते, प्लाझ्माकडे 10 टक्क्यांच्या आत. रक्तस्राव आटोक्यात येण्यात मात्र फारसं अंतर नव्हतं, पीसीसीकडे 72 टक्के आणि प्लाझ्माकडे 65. तेव्हा प्लाझ्माने भागवणाऱ्याला मी चुकीचं म्हणणार नाही. पीसीसी महाग पडतं, सगळीकडे हाताशी नसतं, आणि गुठळी होण्याची धास्ती आहेच, विशेषतः झडपवाल्यांत. पण पर्याय समोर असेल तर माझा हात पीसीसीकडेच जातो.

मोठ्या अपघातात रक्त भराभर वाहतंय, शरीराला द्रवही हवाय, तिथे प्लाझ्मा शोभतो. हेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधामुळे प्लेटलेट्स घसरल्याचा पूर्वेतिहास असेल तिथेही, कारण बऱ्याच पीसीसीत थोडं हेपॅरिन असतं.

आणि यातलं काहीही दिलं तरी व्हिटॅमिन के सोडू नका. सातव्या फॅक्टरचं अर्धआयुष्य जेमतेम काही तासांचं, म्हणजे बाहेरून दिलेला लवकर संपतो; नवा शरीरानेच बनवायचा, आणि त्याला व्हिटॅमिन के लागतं. दुसऱ्या दिवशी आयएनआर पुन्हा चढलेला दिसला, तर पुढचा डोस मागवण्याआधी ड्रग चार्टवर व्हिटॅमिन के दिल्याची सही आहे का, ते बघा.