मुंबई–लंडन बिझनेस क्लास: पॉइंटांवर अख्खं तिकीट की अपग्रेड?

विमान कंपनीच्या सदस्य योजनेत जमलेले पॉइंट हाताशी असले तरी आधी बघायचं ते इकॉनॉमी तिकिटाचं भाडं. अपग्रेडसाठी, म्हणजे पॉइंट देऊन वरच्या वर्गात जाण्यासाठी, ते तिकीट पैसे मोजून काढावंच लागतं, आणि इथेच लोक फसतात. सर्वांत स्वस्त भाड्याच्या तिकिटावर बहुतेक कंपन्या अपग्रेड देत नाहीत. तिकिटावर प्रवासाच्या वर्गाशेजारी एक अक्षर असतं, तो बुकिंग क्लास. त्यावर अपग्रेड चालतं का, हे पैसे भरण्याआधी तपासा. शिवाय अपग्रेडची जागा त्या क्षणी शिल्लक नसेल, तर इकॉनॉमीतच बसावं लागतं.

पॉइंटांवरच्या तिकिटात ही टांगणी नाही: जागा दिसली की ती पक्की. पॉइंट मात्र बरेच जास्त जातात आणि कर रोखीने भरावे लागतात. लंडनहून निघताना ब्रिटनचा प्रवासी कर दोन्ही प्रकारांत लागतो. 2025-26 च्या दराने भारतासाठी तो इकॉनॉमीत 90 पाउंड, बिझनेसमध्ये 216 होता. सोळा वर्षांखालच्या मुलांना इकॉनॉमीत तो माफ आहे, वरच्या वर्गात नाही. म्हणून चैन मुंबईहून जातानाच करावी, परतीला इकॉनॉमी बरी.

कंपनीच्या सदस्य योजनेतला गोल्डसारखा वरचा दर्जा गाठायचा असेल, तर मात्र अपग्रेडच सरस. पैसे भरलेल्या मूळ भाड्यावर दर्जाचे पॉइंट (खर्चायचे नव्हे, दर्जा ठरवणारे वेगळे पॉइंट) सहसा मिळतात, पॉइंटांवरच्या तिकिटावर बहुधा मिळत नाहीत. तारखा लवचीक आणि दर्जाची घाई नसेल, तर सरळ पॉइंटांचं तिकीट घ्या.